‘यंदा धंदा दुप्पट’ म्हणजे सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं?

दिवाळीच्या पाडव्याला नवी वही घ्यायची, हळदकुंकू वाहून पहिल्या पानावर ‘श्री’ काढायचा आणि खाली लिहायचं : यंदा धंदा दुप्पट. नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या मसाल्याच्या छोट्या उद्योगात मी सलग तीन वर्षं हेच लिहिलं. तिन्ही वर्षं मी राबले, मसाला खपला, वही भरली आणि पुढच्या पाडव्याला हातात उरले ते साधारण तेवढेच पैसे. अंबडच्या एका कारखान्यात उभी नोकरी स्टोअरमध्ये काढलेल्या माझ्या मामांनी चौथ्या वर्षी वही पाहिली आणि विचारलं, “अगं, दुप्पट म्हणजे किती किलो? आणि तेवढं भाजणार कोण, कोणत्या वारी?”

मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवसापासून मी जे शिकले ते इथे पायरीपायरीने मांडते आहे. आकडे मसाल्याचे आहेत आणि समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत. तुम्ही शिवणकाम करत असाल, पोळीभाजी केंद्र चालवत असाल किंवा सातपूरला दोन लेथवर जॉबवर्क करत असाल, तर किलोच्या जागी ब्लाउज, डबा किंवा मशीनचा तास घाला. रीत तीच.

पहिली पायरी : घरापासून सुरुवात करा

‘दुप्पट’ कशाची? विक्रीची, नफ्याची की महिन्याअखेर घरात येणाऱ्या पैशाची? या तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक जण पहिली मोजतात, कारण ती मोजायला सोपी. मी सांगेन, तिसरीपासून सुरू करा. संध्याकाळी घरातल्या माणसांना घेऊन बसा आणि या धंद्याने घराला महिन्याला किती द्यायचे ते ठरवा. मुलांची फी, किराणा, आईबाबांची औषधं, भिशीचा हप्ता, सगळं लिहा. आमचा आकडा निघाला २५,००० रुपये.

हा आकडा म्हणजे तुमची स्वतःची मजुरी आहे, हे विसरू नका. घरगुती उद्योगात बाईच्या कष्टाचं मोल शून्य धरायची सवय इतकी मुरलेली आहे की ‘मला काय, मी घरीच असते’ म्हणत आपण तोट्यातला माल वर्षानुवर्षं विकतो. मला हे फार लागतं. ज्या मावशी आपल्याकडे कामाला येतात त्यांना आपण रोज मोजून देतो, मग स्वतःला का नाही?

दुसरी पायरी : एका नगाचा खरा हिशोब

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी आहे आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. इथे चुकलात तर पुढचं सगळं चुकीच्या पायावर उभं राहतं.

काळा मसाला घ्या. मिरची, धणे, खोबरं, दगडफूल, तमालपत्र असा सगळा कच्चा माल मिळून आम्हाला सरासरी २९७ रुपये किलो पडतो. कितीतरी वर्षं मी हाच आकडा धरत होते. मग एका रविवारी सगळं काट्यावर घालून पाहिलं. मिरचीचे देठ खुडले, ते बाजूला. वाळवताना ओल गेली. भाजताना धण्यांचा कोंडा उडाला, डंकाच्या उखळाला थोडा मसाला चिकटून राहिला, चाळणीवर चोथा उरला. दहा किलो कच्चा माल नेला होता, तयार मसाला भरला नऊ किलो. म्हणजे किलोमागे कच्चा माल २९७ ला नाही, ३३० ला पडत होता. प्रत्येक किलोला तेहेतीस रुपये घटीत जात होते आणि माझ्या हिशोबात त्यांना जागाच नव्हती.

पुढे : दोन मावशी दिवसाला ४०० रुपये रोजाने येतात आणि एका भाजणीच्या दिवशी २० किलो मसाला निघतो, म्हणजे मजुरी किलोला ४०. कांडप आणि गॅस ३५. पाऊच, लेबल १५. पोचवणं २०. एकूण झाले ४४०. आम्ही विकतो ६०० ला. म्हणजे एक किलो विकला की १६० रुपये उरतात.

हे १६० रुपयेही अजून आपले नाहीत. त्यातून गाळ्याचं भाडं ६,०००, वीज आणि फोन १,५००, आणि कर्जाचा हप्ता ४,५०० जायचा आहे. माल एक किलो विका की शंभर, हे १२,००० ठरलेले.

आता उलटा हिशोब. घराला २५,००० आणि ठरलेला खर्च १२,०००, मिळून ३७,०००. भागिले १६०. उत्तर येतं २३२ किलो. मी तेव्हा विकत होते महिन्याला ११० किलो, म्हणजे १७,६०० मधून १२,००० वजा, हाती ५,६००. ‘दुप्पट’ ही गोष्ट किती फसवी होती ते इथे कळलं. विक्री दुप्पट झाली असती तर हातात येणारे पैसे चौपट झाले असते, कारण भाडं आणि हप्ता वाढत नाहीत. आणि विक्री थोडी जरी घसरली असती, तर हातचे ५,६०० बघता बघता गेले असते.

तिसरी पायरी : कोणाला विकायचं, ते आकड्यांना विचारा

एका किलोचा हिशोब हातात आला की त्याच्याशी खेळून बघा. मी तीन वाटा तपासल्या.

किराणा दुकानदार ५०० रुपयाने मागत होते. ठोक माल, एकगठ्ठा ऑर्डर, ऐकायला छान. पण किलोमागे उरतात ६० रुपये. ३७,००० भागिले ६० म्हणजे ६१७ किलो, दिवसाला वीस किलो धरले तर महिन्याचे एकतीस दिवस भाजणी! एकाही दिवसाची सुट्टी नाही, सणवार नाही. ती वाट मी त्याच क्षणी बंद केली.

दुसरी वाट भाव वाढवण्याची. ६०० चे ६३० केले तर १९० उरतात आणि १९५ किलोत काम भागतं. तीस रुपयांच्या भाववाढीने ३७ किलोची मेहनत वाचते. ज्यांना आपला माल आवडतो ती गिऱ्हाइकं किलोमागे तीस रुपयांसाठी सहसा तुटत नाहीत. तरी मी भाव त्या वर्षी वाढवला नाही, कारण पाऊचवर लावायची जुना भाव छापलेली लेबलं महिनाभर पुरतील एवढी पडून होती आणि मला आधी विक्री पक्की करायची होती. आज विचारलंत तर म्हणेन, तेव्हाच वाढवायला हवा होता.

तिसरी वाट थेट घरोघरच्या गिऱ्हाइकांची. तीच धरली.

चौथी पायरी : गाडी अडते कुठे?

पाण्याचा नळ कितीही मोठा असला तरी पाईपचा सगळ्यात अरुंद भाग ठरवतो किती पाणी येणार. धंद्यातही एकच जागा अशी असते. ती सापडेपर्यंत दुसरीकडे पैसा ओतू नका. मी आधी मोठी भाजणीची कढई आणि नवी सीलिंग मशीन घ्यायला निघाले होते. मग कागदावर उतरवलं : २३२ किलोला भाजणीचे १२ दिवस लागतात, मावशींना तेवढे दिवस यायला जमतं. पाव किलोचे ९२८ पाऊच भरायचे, एकाला दीड मिनिट, म्हणजे साधारण २३ तास. महिन्यात ते सहज होतात. भाजणीही अडत नव्हती, भरणीही नाही. अडत होत्या ऑर्डरी. कढई घेतली असती तर ती कोपऱ्यात पालथी पडून राहिली असती.

मात्र ही जागा ऋतूप्रमाणे सरकते. मार्च ते मे या काळात अख्खं नाशिक वर्षभराचा मसाला आणि तिखट करायला निघतं, डंकावर सकाळी सहापासून डबे रांगेत लागतात. तेव्हा ऑर्डरी भरपूर, आणि अडतं कांडप. म्हणून आम्ही डंकवाल्या दादांशी फेब्रुवारीतच बोलून ठेवतो आणि आठवड्यातले दोन दिवस दुपारी उशिराची पाळी ठरवून घेतो.

जॉबवर्कवाल्यांकडे बहुतेकदा मशीनचे तास अडतात, पार्लरमध्ये शनिवार-रविवारची खुर्ची, मेसवाल्यांकडे सकाळी नऊ ते अकराचा ओटा. तुमचं कुठे अडतं ते आठवडाभर नुसतं बघा, त्या आठवड्यात काही बदलू नका.

पाचवी पायरी : किलोचं काम करा

२३२ मधून ११० वजा, म्हणजे महिन्याला १२२ किलो जास्त. हे ‘मार्केटिंग वाढवायचं’ असं लिहून होत नाही. प्रत्येक किलोला एक काम, एक माणूस आणि एक वेळ द्यावी लागते. आमची वाटणी अशी झाली.

सोसायट्यांमध्ये रविवारचा स्टॉल. इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोड इथे मोठमोठे गृहप्रकल्प आहेत. एका सकाळी पंधरा किलो जातो, चार रविवारचे साठ. यासाठी सोसायटीच्या चेअरमनना दोन आठवडे आधी भेटावं लागतं, म्हणून कामाच्या यादीत ‘स्टॉल’ लिहायचं नाही, ‘१२ तारखेच्या आत दोन चेअरमनना भेटणे’ असं लिहायचं.

जुन्या गिऱ्हाइकांना फोन. वहीत तीनशेच्या वर नावं होती, त्यातल्या कित्येकांनी तीन-चार महिने काही मागवलं नव्हतं. दुपारी तीन ते चार ही वेळ फोनसाठी ठरवली, तेव्हा घराघरात जरा निवांत असतं. दहा फोनांमागे दोन ऑर्डरी यायच्या, सरासरी किलोकिलोच्या. दिवसाला दहा, महिन्याचे वीस दिवस, म्हणजे चाळीस किलो. सगळ्यात स्वस्त विक्री हीच. नव्या माणसाला चव पटवावी लागते, जुन्याला फक्त आठवण करून द्यावी लागते.

उरलेले पंचवीस किलो दोन खानावळींना. त्यांना पाच किलोच्या पिशवीत देतो, पाव-पाव किलोचे पाऊच लागत नाहीत आणि एकाच फेरीत माल पोचतो. त्यात किलोमागे २५ रुपये वाचतात, तेवढेच भावात कमी केले आणि ५७५ ने दिला. आपले १६० शाबूत.

बेरीज २३५ झाली आणि मी खूश झाले. पण स्टॉलला सोसायटी ५०० रुपये घेते, हे धरलंच नव्हतं. चार रविवारचे २,००० वाढले, म्हणजे गरज ३९,००० ची आणि किलो २४४. नवं प्रत्येक काम आपला खर्च सोबत घेऊन येतं, तो धरून हिशोब पुन्हा एकदा करा. आम्ही रोजच्या फोनांची संख्या दहाची तेरा केली आणि तूट भरून काढली.

याच वेळी काय सोडायचं तेही लिहा. मी लोणच्याच्या फुटकळ ऑर्डरी बंद केल्या. चार बायकांना वाईट वाटलं, मलाही. पण कैऱ्या आणणं, फोडणं, बरण्या उकळणं यात आठवड्याचे सात-आठ तास जात होते आणि त्याच तासांत आता फोन होतात.

सहावी पायरी : पैसा कोणत्या आठवड्यात लागणार?

वाढणारे धंदे बंद पडतात ते इथे. नफा कागदावर असतो आणि गल्ला रिकामा असतो.

११० किलोला कच्चा माल लागतो ३६,३०० रुपयांचा, २४४ किलोला ८०,५२०. म्हणजे एक रुपया जास्त मिळण्याआधी ४४,००० च्या वर रक्कम मिरची-धण्यात गुंतवावी लागते. रविवार कारंज्याच्या बाजारात खोबरं-धणे घ्यायला गेलात की रोख मोजावे लागतात, गिऱ्हाईक मात्र सवडीने देतं. म्हणून एका पानावर पुढच्या तेरा आठवड्यांचे रकाने आखा. वर येणारे पैसे, खाली जाणारे, तळाशी शिल्लक. ज्या आठवड्यात शिल्लक उणे दिसते, त्याची तजवीज आजच सुरू करा. बँका लगेच पैसे देत नाहीत आणि घाईत घेतलेलं कर्ज महागात पडतं.

कर्ज घ्यायचंच तर कशासाठी ते नीट वेगळं करा. मशीनसाठी हप्त्याचं मुदत कर्ज, मालासाठी कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत लागेल तसं काढायचं आणि भरायचं कर्ज. चालू पैशातून मशीन घेतली की पुढच्या महिन्यात मिरचीला पैसे उरत नाहीत, ही चूक मी आजूबाजूला सारखी बघते. मुद्रा योजनेत तारण द्यावं लागत नाही. ‘शिशु’ गटात ५०,००० पर्यंत आणि ‘किशोर’ गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळू शकतं. अनुदानाच्या योजनांची चौकशी सातपूरच्या उद्योग भवनात, जिल्हा उद्योग केंद्रात करा. तुमच्या एका नगाचा हिशोब आणि तेरा आठवड्यांचं पान सोबत न्या. नुसती कल्पना घेऊन आलेल्या माणसात आणि आकडे घेऊन आलेल्या माणसात समोरच्याला फरक लगेच दिसतो.

उधारीबद्दल जरा सविस्तर सांगते. हा हिशोब शिकायच्या आधी एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर मी एका दुकानाला ५०० च्या भावाने ८० किलो माल दिला. चाळीस हजारांचं बिल. ‘दिवाळी झाली की लगेच’ असं म्हणता म्हणता पैसे मिळाले ते होळीच्या सुमारास. तोवर नवी मिरची बाजारात आली होती, भाव उतरले होते, आणि माझ्याकडे घ्यायला पैसे नव्हते. नंतर तीच मिरची चढ्या भावात घेतली. ती चार महिन्यांची उधारी मला वर्षभर पुरली.

तेव्हा माहीत नव्हतं, आता माहीत आहे : २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेणाऱ्याने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, मुदतीत न दिलेल्या अशा रकमेची आयकरातली वजावट माल किंवा सेवा घेणाऱ्याला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. मार्चअखेर जवळ आली की ही गोष्ट नम्रपणे आठवण करून दिली तरी पुष्कळ बिलं सुटतात. यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद हवी, तीही माल देण्याच्या आधी. ती सरकारी पोर्टलवर मोफत होते, कोणाला पैसे देऊ नका. आणि बिलावर उद्यम क्रमांक व पैसे देण्याची तारीख छापा. हा लाभ माल बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्यांना नाही.

सातवी पायरी : आपल्या गावाचं कॅलेंडर

बाराही महिने सारखे धरून केलेली योजना पहिल्याच श्रावणात कोलमडते. कालनिर्णय भिंतीवरून काढा आणि पेन्सिलने खुणा करा. आमच्या खुणा : मार्च ते मे उच्चांक, आषाढ-श्रावणात मंदी, पितृपक्षात नवीन काही सुरू नाही, नवरात्रात कालिकेची यात्रा आणि सप्तशृंगगडाची वारी म्हणून मावशींची सुट्टी, मग दिवाळी. तुमचं गिऱ्हाईक निफाड-दिंडोरीचं असेल तर द्राक्षाच्या हंगामात, जानेवारी ते एप्रिल, त्यांच्या हातात पैसा खेळतो. पावसाळ्यात पेरणी-लागवडीचा खर्च असतो, तेव्हा उधारी वाढते.

आणि सिंहस्थ. २०२७ मध्ये २ ऑगस्ट आणि ३१ ऑगस्टला मुख्य स्नानं आहेत, सप्टेंबरमध्ये आणखी एक. गर्दी म्हणजे विक्री असं सगळे धरून चाललेत. २०१५ च्या पर्वणीला रस्ते बॅरिकेडने कसे बंद होते ते ज्यांनी पाहिलंय त्यांना विचारा. पंचवटी, रविवार कारंजा या भागात त्या दिवसांत माल आणणं-पोचवणं अवघड जाईल असं धरूनच योजना करा : कच्चा माल जुलैतच भरून ठेवा आणि गिऱ्हाइकांकडून आधीच ऑर्डरी घ्या.

आठवी पायरी : एक पान, दर सोमवारी

मोठी फाईल करू नका, ती कोणी उघडत नाही. आमच्या भाजणीच्या खोलीत दाराच्या मागे एक पान चिकटवलेलं असतं, हळदीचे डाग पडलेलं. एका आठवड्याचं पान असं दिसतं :

भाजणी – सोम, बुध, शुक्र. दोघी मावशी. ६० किलो.
फोन – मी. रोज ३ ते ४. ६५ फोन.
स्टॉल – मुलगा. रविवार, पाथर्डी फाटा. पाऊच शनिवारी रात्री मोजून ठेवणे.
चेअरमन भेट – मुलगा. गुरुवारच्या आत, गंगापूर रोड.
खानावळ – पहिल्या पिशवीचे पैसे मंगळवारी आणणे, मगच पुढची पिशवी.
खरेदी – शनिवार. धणे, खोबरं. ९,००० च्या वर नाही.

प्रत्येक ओळीला नाव आहे, वार आहे, आकडा आहे. ‘आपण करू’ असं कुठेही नाही, कारण ‘आपण’ कधीच करत नाही. सोमवारी सकाळी भाजणी सुरू होण्याआधी अर्धा तास आम्ही तिघं आणि मावशी त्या पानासमोर बसतो. झालं त्याच्यापुढे बरोबरची खूण, नाही झालं त्याच्यापुढे कारण. मावशींना बसवायलाच हवं. मिरची दमट आली म्हणून भाजायला वेळ लागतोय, हे मला आधी त्यांनीच सांगितलं होतं.

एखादं काम एका आठवड्यात राहिलं तर पुढे ढकला. लागोपाठ दोन आठवडे राहिलं तर ते काम, माणूस किंवा वेळ यातलं काहीतरी बदला. स्टॉलचं आमच्याकडे असंच झालं. मुलाला रविवारी सकाळी क्लास लागला, दोन रविवार बुडाले. त्याला रागावून काही होणार नव्हतं. आम्ही स्टॉल संध्याकाळी पाच वाजता लावून पाहिला. ऑफिसला जाणाऱ्या बायका त्या वेळी खाली फिरायला येतात, मसाल्याचा वास घेतात, उभ्या राहतात. पहिल्या संध्याकाळी अठरा किलो गेला आणि पानावरची वेळ आम्ही कायमची बदलली.

तेरा आठवडे झाले की दुसऱ्या पायरीवरचा एका नगाचा हिशोब नव्या भावांनी पुन्हा मांडा. मिरची महाग झालेली असते, गॅस वाढलेला असतो, १६० चे १४० झालेले असतात. १४० वर ३९,००० भागले तर २७९ किलो येतात. ते भाजायला चौदा दिवस लागतात, तेवढे दिवस मावशींना जमतील का हे त्यांना त्याच सोमवारी विचारा. जमत नसेल, तर नवी लेबलं छापायला टाकायच्या आधी त्यावरचा भाव बदला.